काड्यांचा पूल आणि माझा कठडा

मी मराठीची टीचर. गोव्यात मुलं शिक्षिकेला बाई म्हणत नाहीत, टीचर म्हणतात. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला आणि त्या दिवशी आईने ग्रामदेवतेला नारळ दिला होता. तेव्हा पुढे मी काड्या, किलो आणि ग्रॅम यांच्याबद्दल बोलेन ते सगळं तीन आठवीच्या मुलांकडून शिकलेलं आहे, असं समजून वाचा.

जुलैच्या शेवटी शाळेत विज्ञान स्पर्धेचं परिपत्रक आलं. विज्ञानाच्या टीचर बाळंतपणाच्या रजेवर. हेडमास्तरांनी स्टाफरूमवर नजर फिरवली. बाकीचे सगळे वह्यांत डोकं घालून बसले होते, मी एकटी चहा पीत होते. एवढंच निमित्त झालं. "तुम्ही फक्त मुलांना घेऊन जायचं, टीचर. बाकी मुलं करतात."

विज्ञान स्पर्धा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर थर्माकोल येतो. थर्माकोलचा ज्वालामुखी, थर्माकोलचं धरण, थर्माकोलच्या घरावर पडणारं आणि निळ्या रंगाच्या नळीतून विहिरीत जाणारं पावसाचं पाणी. शेजारी इस्त्रीच्या गणवेशात उभं राहून इंग्रजी भाषण पाठ म्हणणारं मूल. आणि मागे घामाघूम झालेला बाप, ज्याने रात्रभर जागून ते सगळं केलेलं असतं. प्रदर्शनं वाईट असतात असं मी म्हणत नाही. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत मुलाची कल्पना निवडली गेली तर दहा हजार रुपये मिळतात, ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी प्रयोगशाळा मिळाली तिथे थ्री-डी प्रिंटरपर्यंत सामान आलं, आमच्या सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग-रोबोटिक्सचा तास आहे. पण प्रदर्शनातलं धरण खरंच पाणी अडवतं का, हे कोणी ओतून बघत नाही. परीक्षक बघतात, मान हलवतात, पुढे जातात.

हे परिपत्रक वेगळं होतं. मिडल स्कूलच्या मुलांचे तिघातिघांचे गट. सामान दोनच: आइस्क्रीमच्या काड्या आणि पांढरा गोंद. दोन टेबलांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर, त्यावर पूल टाकायचा. पुलाचं वजन १५० ग्रॅमच्या आत. मधोमध हूक अडकवून त्याला वजन टांगायचं आणि वाढवत जायचं. कुठपर्यंत? परिपत्रकात एकच शब्द होता: मोडेपर्यंत.

जिंकणार कोण, याचा हिशोबही साधा. पुलाने पेललेलं वजन भागिले पुलाचं स्वतःचं वजन. म्हणजे दणकट पूल बांधून भागत नाही, हलकाही हवा. नंतर कळलं की ही रीत जुनी आहे. आपल्याकडे 'सायन्स ऑलिम्पियाड' म्हटलं की चार पर्यायांतला एक गोल काळा करायची परीक्षा. अमेरिकेत त्याच नावाची चळवळ १९८४ पासून चालते आणि तिच्यातले बरेच प्रकार हाताने करायचे असतात. सहावी ते नववीचा एक गट, पंधरा जणांची टीम, तेवीस प्रकार. त्यांच्याकडेही काड्यांचे मनोरे आणि पूल असतात, बादलीत वाळू ओतत जातात आणि पंधरा किलोला थांबतात. आमच्या आयोजकांनी ती पंधराची मर्यादा काढून टाकली होती. मोडेपर्यंत म्हणजे मोडेपर्यंत.

मुलांची खरी नावं इथे देत नाही. एकीचं घर सुतारांचं, आजोबा अजून पाट नि दरवाजे करतात, तिला वर्गात 'रंधा' म्हणत. एकाचे वडील खाणीवर टिप्पर चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यापासून ट्रक कधी धावतो, कधी अंगणात उभा असतो. तो 'टिप्पर'. तिसरी काहीही झालं तरी आधी लिहून घ्यायची, ती 'वही'. मला वाटलं होतं हुशार मुलं निवडावीत. हेडमास्तर म्हणाले, पहिल्या तीन नंबरांच्या मुलांना ट्यूशन असते, ती येणार नाहीत. त्यांचे आभार.

पहिल्या दिवशी टिप्परने विचारलं, "टीचर, मोडायचाच आहे तर बांधायचा कशाला?" मी त्यांना मांडवीचा पूल सांगितला. ५ जुलै १९८६. पणजीचा नेहरू पूल पडला तेव्हा मी तिसरीत होते. पूल होता अवघा सोळा वर्षांचा, १९७० चा. त्यानंतर कित्येक वर्षं बेती ते पणजी फेरीबोटीच्या रांगा. माझ्या वडिलांनी त्या रांगेत उभं राहून किती वर्तमानपत्रं वाचून काढली असतील, देव जाणे. वहीने लिहून घेतलं: '१६ वर्षे'. मग तिने विचारलं, "आधी नेमका कुठे मोडला?" मला सांगता आलं नाही. मला तोपर्यंत मोडणं म्हणजे मोडणं, एवढंच माहीत होतं. नेमकं कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

पहिला पूल तिघांनी दोन दिवसांत उरकला. त्रिकोण करायचे हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं. चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडला तर तो कलंडून पतंगासारखा होतो, तीन काड्यांचा त्रिकोण कुठूनही ढकला, हलत नाही. संध्याकाळी चिकटवला, सकाळी दोन बाकांमध्ये ठेवला, खाली दोरीने घमेलं टांगलं. वजनं कुठून आणायची? शाळेच्या ग्रंथालयात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. माझ्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर प्रत्येक खंड तोलून, आत पेन्सिलीने आकडा लिहून आम्ही ते वजनं म्हणून वापरले. ज्यांनी ते लिहिले त्यांनी मला क्षमा करावी. पण आमच्या शाळेत ते पहिल्यांदाच इतक्या हातांतून फिरले.

अकरा किलोला पूल मोडला. मोडला म्हणजे काय, एकही काडी मोडली नाही. सांधे नुसते सुटले, हळूहळू, जिलबी हातात सैल पडावी तसे. रंध्याने एक सांधा नखाने उकलला. आत फेव्हिकॉल पांढराच होता. वाळला की तो पारदर्शक होतो, हे आपण सगळ्यांनी बोटांवरून सोलताना पाहिलेलं असतं. ऑगस्टमधल्या डिचोलीच्या हवेत रात्रभरात तो वाळलेलाच नव्हता. पांढऱ्या गोंदातलं पाणी एक तर लाकडात शिरायला हवं, नाही तर हवेत जायला हवं. आमच्याकडे दोघंही आधीच पाण्याने तुडुंब.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही पूल बांधलाच नाही. काड्याच मोडल्या. हा भाग मला सगळ्यात आवडला, आणि प्रदर्शनाची तयारी असती तर तो झालाच नसता.

काडी आडवी ओढली तर हाताने तुटत नाही. उभी धरून दाबली तर मोडायच्या आधी वाकते, धनुष्यासारखा बाक घेते आणि मग तिच्यात दम राहत नाही. किराणा दुकानदार दुपारी तास दोन तास झोपतो, तेवढ्या वेळात त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आमचा. काडी काट्यावर उभी धरायची, वरून लाकडाच्या ठोकळ्याने दाबायचं आणि बाक आला की आकडा वाचायचा. पूर्ण काडी साडेचार किलोच्या आसपास वाकत होती. वहीने मला विचारलं, अर्धी केली तर? मी म्हटलं, नऊ. अर्धी लांबी, दुप्पट ताकद, सोपं आहे. टिप्परने अर्धी काडी ठेवून दाबली. नऊ गेले, बारा गेले, त्याच्या कपाळावर शीर दिसायला लागली. सतराला काडी वाकली.

"टीचर, दुप्पट नाही. चौपट."

मी रजेवरच्या विज्ञान टीचरना फोन लावला. मागे बाळ रडत होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ऑयलर नावाच्या गणितज्ञाने अठराव्या शतकातच हे मांडून ठेवलंय. दाबाखालचा दांडा किती लांब आहे त्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात त्याची ताकद जाते. लांबी अर्धी, ताकद चौपट. लांबी एक तृतीयांश, ताकद नऊपट. मी फोन ठेवून मुलांना सांगितलं तेव्हा वहीने नाव लिहून घेतलं खरं, पण तिच्या चेहऱ्यावर 'हे तर आम्हाला आधीच कळलंय' असा भाव होता. बरोबरच होतं.

मग दोन काड्या. नुसत्या एकावर एक ठेवून दोन्ही टोकांना टेकू दिला आणि मधे दाबलं तर दोन काड्यांची ताकद, दुप्पट. त्याच दोन काड्या सबंध लांबीला गोंद लावून, कपड्यांचे चिमटे मारून, दोन दिवस वाळवून मग दाबल्या तर वाकता वाकत नाहीत. रंध्याच्या आजोबांना यात नवल वाटलं नाही. जाडी दुप्पट झाली की लाकूड आठपट ताठ होतं, हे सूत्र त्यांना माहीत नव्हतं. पण वासा नेहमी उभा लावायचा, आडवा नाही, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. गोष्ट तीच.

एक कबुली. या सगळ्या काळात माझा हात फार शिवशिवायचा. टिप्पर गोंद जास्त लावायचा, मला बघवायचं नाही. रंधा काडी कापताना जीभ बाहेर काढून पाच मिनिटं घेते, मी एका मिनिटात कापली असती. एकदा मी खरंच घेतली तिच्या हातातून. तिने काही म्हटलं नाही, नुसती बघत राहिली. मी कापलेली काडी दोन मिलिमीटर आखूड निघाली. त्या दिवसापासून मी हात पाठीमागे बांधून उभी राहायला लागले. घामाघूम बापांबद्दल मी वर जे लिहिलं, ते मला आता थोडं समजतं.

दुसरा पूल चतुर्थीच्या सुट्टीआधी झाला. दोन्ही बाजूंना त्रिकोणांच्या भिंती, वर-खाली दुहेरी काड्यांच्या पट्ट्या. चोवीस किलो. यावेळी सांधे टिकले, काडी मोडली. खालची आडवी काडी, बरोबर मधे, जिथे हूक अडकवला होता तिथे. मुलांनी ठरवलं, मधली काडी तिहेरी करायची. मीही मान हलवली.

ते चूक होतं, हे माटोळीने सांगितलं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची एक आडवी चौकट टांगतात आणि तिला रानातलं, बागेतलं जे जे पिकतं ते सगळं बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तवशी, चिबूड, तोरंजन, कोहळा, माट्टीची फळं. ती माटोळी. भरली की तिचं वजन दोन माणसांना उचलवत नाही. आदल्या दिवशी मी रंध्याच्या घरी तोरंजन द्यायला गेले होते. आजोबा शिडीवर, ती खालून सामान देत होती. तिने कोहळा एका पट्टीच्या मध्यावर बांधायला घेतला. आजोबा वरून ओरडले, "थंय न्हय गो! गांठीर बांद!" तिथे नको, गाठीवर बांध. गाठ म्हणजे जिथे दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात ती जागा. हलकं सामान, पानं-फुलं, कुठेही चालतं. जड ते सगळं गाठीवर. "मधे बांधलं तर पट्टी वाकते. गाठीवर बांधलं तर सगळ्या पट्ट्या मिळून ओढतात."

ती कोहळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "टीचर, आमचो हूक."

आमचा हूक दोन सांध्यांच्या मधल्या काडीवर टांगला होता. त्रिकोणांच्या पुलात प्रत्येक काडी एक तर ओढली जाते किंवा दाबली जाते, आणि या दोन्ही गोष्टी काडी निमूट सोसते. पण वजन सांध्यावर टांगलं तरच. मधे टांगलं की काडीला वाकावं लागतं, आणि वाकण्यात तिची ताकद अगदी थोडी. मधली काडी तिहेरी करून आम्ही नुसतं वजन वाढवलं असतं. त्रिकोणांची संख्या बदलून, बरोबर मध्यावर एक सांधा येईल अशी आखणी केली आणि तिसरा पूल त्याच काड्यांत एकेचाळीस किलोला गेला. विश्वकोशाचे खंड संपले, वर शब्दकोश आणि शेवटी हेडमास्तरांच्या कपाटातल्या दोन फाइली ठेवाव्या लागल्या.

स्पर्धेत न्यायचा पूल चौथा. तो मोडून बघता येणार नव्हता. त्यासाठी काड्या निवडायला आम्ही बाजारातल्या सोनाराकडे गेलो, कारण किराणा काट्यावर एका काडीचं वजन दिसतच नाही. सोनाराने आधी माझ्याकडे आणि मग त्या शंभर काड्यांच्या पुड्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून म्हणा किंवा त्याचा मुलगा आमच्याच शाळेत म्हणून म्हणा, त्याने काचेच्या पेटीतल्या तराजूवर एकेक काडी ठेवली. एकाच पुड्यातल्या काड्या १.१ ग्रॅमपासून १.७ ग्रॅमपर्यंत. दिसायला जुळ्या. जड काडी म्हणजे घट्ट लाकूड. ज्या जागी दाब जास्त तिथे जड काड्या, जिथे काम कमी तिथे हलक्या, अशी वहीने विभागणी केली. निरोप देताना सोनार म्हणाला, एवढ्या काळजीने लोक माझ्याकडे सोनं पण मोजून घेत नाहीत.

पूल रंध्याच्या घरी तयार झाला. आजी पावसात मिरच्या नि कोकमाची सोलं चुलीच्या वरच्या फळीवर ठेवते, तिथेच तो चार दिवस वाळत होता. १४६ ग्रॅम भरला. आणि इथे मी तोंड उघडलं. मी म्हटलं, पूल आहे, त्याला कठडा नको का? माणसं जाणार, गुरं जाणार, शोभा तरी दिसेल. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "टीचर, वजन वाढेल." मी म्हटलं, १४६ म्हणजे चार ग्रॅम हातात आहेत. परीक्षकांना देखणं काही दिसायला हवं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात अजून थर्माकोलच होतं. त्यांनी काड्या उभ्या चिरून दोन्ही बाजूंना नाजूक कठडा केला, आणि माझा मान राखून बाकीच्या ठिकाणचे वाया गेलेले गोंदाचे थेंब खरवडून पुन्हा १४६ वर आणला. दिसत होता सुंदर, यात वाद नाही.

मग पूल शाळेत आला आणि माझ्या स्टाफरूममधल्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून, पाच दिवस राहिला. पाचही दिवस पाऊस.

स्पर्धा फोंड्याच्या बाजूला एका कॉलेजच्या हॉलमध्ये. साखळीहून आमोणे, खांडोळे, माशेल करत बसने गेलो. पूल बुटांच्या खोक्यात, खोकं टिप्परच्या मांडीवर. आमोण्याच्या पुलावर तिघांनी खिडकीतून डोकी बाहेर काढली आणि कंडक्टरचा ओरडा खाल्ला.

हॉलच्या दारात काटा. पूल ठेवला. १५३.

मला वाटलं काटा बिघडला. टिप्पर तर सरळ म्हणाला, "काटो पाड." काटा खराब आहे. परीक्षकांनी शांतपणे २०० ग्रॅमचं पितळी वजन ठेवून दाखवलं. बरोबर २००. पूल पुन्हा ठेवला. १५३. नियम असा की पुलाला नवीन काही चिकटवायचं नाही, पण काढून टाकायला दहा मिनिटं मिळतात, आपल्याच हत्यारांनी, आणि शिक्षकांनी रेषेच्या पलीकडे थांबायचं.

सात ग्रॅम आले कुठून, हे रेषेच्या पलीकडे उभी राहून मीच शोधून काढलं, विज्ञानाशी संबंध नसलेल्या बाईने. मिठाच्या बरणीत आपण तांदूळ का टाकतो, पापडाचा डबा पावसात का उघडत नाही? लाकूड पाणी पितं. चुलीवरच्या फळीवर ते कोरडं झालं होतं, माझ्या कपाटात पाच दिवसांत पुन्हा फुगलं. आम्ही वजन केलं होतं वाळवंटात आणि स्पर्धा होती दर्यात.

मुलांनी काय काढायचं यावर चर्चाच केली नाही. रंध्याने हॅकसॉचं तुटकं पातं काढलं, टिप्परने पूल दोन्ही हातांनी धरला आणि कठडा गेला. आधी डावा, मग उजवा. कठड्याच्या एकाही काडीवर पुलाचा भार नव्हता, हे त्या तिघांना पहिल्यापासून माहीत होतं. माझ्यासाठी ते गप्प बसले होते. वहीने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं. मी मान हलवली. १४८.

प्रत्येक गटाला परीक्षक एक-दोन प्रश्न विचारत होते. आमच्या आधीच्या गटाचा पूल वॉर्निश मारल्यासारखा चकचकीत, सांधे यंत्राने कापल्यासारखे. परीक्षकांनी एका तिरक्या काडीवर बोट ठेवून विचारलं, "ही दाबली जाते की ओढली जाते?" मुलगा गप्प. त्याने प्रेक्षकांत कोणाकडे तरी पाहिलं. मला त्याची कीव आली आणि त्या प्रेक्षकांतल्या माणसाचीही. आम्हाला तोच प्रश्न आला. टिप्परने बोटाने एकेक काडी दाखवत "ओढ, दाब, ओढ, दाब" असं म्हणत अर्धा पूल ओलांडला. शेवटी परीक्षकांनीच "पुरे रे" म्हटलं.

वजनं लोखंडी होती, व्यायामशाळेतल्या चकत्यांसारखी. दहा, वीस, तीस. तीसला एक बारीक 'टिक' झालं. तिघेही पुलाजवळ वाकले, नाकं जवळजवळ काड्यांना लागली. चाळीस. पंचेचाळीस. पन्नासला पूल डोळ्यांना दिसेल इतका खाली आला. मग एक-एक किलो. एक्कावन्न. बावन्न ठेवलं, परीक्षकांनी हात काढला, पाच सेकंद मोजायला सुरुवात केली, पाच झाले, नोंद झाली. त्रेपन्नावी चकती अजून हातातच होती तेव्हा फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि पूल गेला.

मी डोळे मिटले होते. उघडले तर काय, बाकीच्या गटांची मुलं पूल मोडल्यावर आईबापांकडे जायची, आमची तिघं टेबलाखाली. चौपायी. तुकडे गोळा करत. रंध्याने एक तुकडा वर धरला आणि ओरडली, "हांगा! हांगा मोडलें!"

तिने मला जे दाखवलं ते मी आजवर कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. चांगला चिकटलेला सांधा मोडला तर लाकडाचे केस गोंदाबरोबर उपटून येतात, जागा खरबरीत दिसते. आमच्या डाव्या टोकाच्या वरच्या सांध्यावर तसं काही नव्हतं. गुळगुळीत, काचेसारखी गोंदाची पापुद्री. काडी नुसती निसटली होती. तेवढ्या एका ठिकाणी पॉलिश पेपर मारायचा राहिला होता. बाकी सगळीकडे खरबरीत. म्हणजे आमची आखणी चुकली नव्हती, बाकीचे सांधेही चुकले नव्हते, एक सांधा चुकला. वहीने पानं उलटली. तो सांधा कोणी केला, कधी केला, तिच्याकडे लिहिलेलं होतं. तिने स्वतःच केला होता, कठड्याच्या दिवशी, घाईत. ते वाचून तिने वही मिटली नाही. पुढे लिहिलं.

बावन्न हजार ग्रॅम भागिले १४८, म्हणजे ३५१. आम्ही चौथे. पहिल्या आलेल्या पुलाने सत्तावन्न किलो पेलले, आमच्याहून पाचच जास्त, पण तो होता अवघा ११८ ग्रॅमचा. ४८३. ती मुलं काणकोणच्या बाजूची होती. आमची तिघं त्यांच्याकडे गेली आणि पंधरा मिनिटं कोंकणीत, चित्रं काढत, हातवारे करत बोलत राहिली. परत आली तेव्हा कळलं की त्या गटाने पूल शेवटच्या दिवसापर्यंत रव्याच्या हवाबंद डब्यात ठेवला होता, तळाशी भाजलेले तांदूळ. टिप्पर म्हणाला, "टीचर, तुमचं कपाट वाईट." मी ते मान्य केलं.

प्रशस्तिपत्रक मिळालं, ते हेडमास्तरांनी फ्रेम करून लावलंय. हेडमास्तरांनी विचारलं, तीनमध्ये का नाही आलो? मी त्यांना कठड्याचं सांगितलं नाही. हेही इथे कबूल करून टाकते.

परतीच्या बसमध्ये काही वेळ शांतता होती. मग टिप्परने तिकिटाच्या मागे काहीतरी काढायला घेतलं. रंध्याने डब्यातून भाकरी काढून खाल्ली आणि रिकाम्या डब्यात तो गुळगुळीत सांध्याचा तुकडा ठेवला. वहीने विचारलं, "टीचर, एक काडी पावसात किती फुगते?" मी म्हटलं, मला काय माहीत.

तेव्हापासून सोनाराच्या दुकानात, तराजूच्या मागे, एक काडी टाचणीने टांगलेली आहे. तिच्यावर शाईने एक बारीक खूण. महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर तिघांपैकी कोणी तरी जातं आणि तोलून येतं. सप्टेंबरमध्ये १.४२ होती. दिवाळीत १.३६. जानेवारीत, थंडीत, वही स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, एक पॉइंट तीन एक." मी वह्या तपासत होते. लाल पेनाने मी तो आकडा समोरच्या वहीच्या समासात लिहिला, दुसऱ्याच कोणाच्या तरी निबंधावर.